रंगाचा डबा आणि चार घराणी

दसरा-दिवाळी जवळ आली की पुष्कळ घरांतून एक ठरलेले बोलणे सुरू होते. "यंदा घराला रंग काढायचा का?" घरधनी हिशेब मांडू लागतो. घरधनीण भिंतीवरची ओल धरलेली जागा बोट लावून दाखवते. मुले आपापल्या खोलीचा रंग आधीच ठरवून मोकळी झालेली असतात. शेवटी कोणीतरी नाक्यावरच्या दुकानातून छटांचे छापील पान घेऊन येते आणि हा बदामी की तो पिवळा, यावर दोन दिवस वाद चालतो. त्या वादात आपण छटेचे नाव वाचतो, किंमत विचारतो. पण हा डबा केला कोणी, तो आपल्या गावच्या दुकानापर्यंत आला कसा, हे काही आपण विचारीत नाही.

आज त्या डब्याचीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे. ती मुंबईच्या एका रंग-कारखान्याची आहे. एशियन पेंट्स हे त्याचे नाव तुमच्या ओळखीचे असेल. पण ही हकीकत जितकी कारखान्याची, तितकीच चार कुटुंबांचीही आहे. एकट्याने धंदा काढणे अवघड. चौघांनी मिळून काढणे त्याहून अवघड. आणि चौघांच्या मागे त्यांच्या मुलाबाळांनी तो एकत्र चालवणे सर्वांत अवघड. आपल्याकडे भागीदारीचे धंदे किती निघतात आणि किती टिकतात, हे तुम्ही आपल्या गावात पाहिलेच असेल. म्हणून ही गोष्ट नुसत्या रंगाची म्हणून ऐकू नका.

आधी रंगाविषयी थोडे. आपल्या आजी-पणजीला रंगाचा डबा माहीत नव्हता. भिंतीला चुना, चुन्यात चिमूटभर नीळ, जोत्याला गेरू, जमिनीला शेण. चुना धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालीत. दाराच्या फळ्यांना अळशीचे तेल चोळीत. हे सारे बाजारात सुटे मिळे आणि अंगणात बादलीत कालवले जाई. स्वस्त आणि आरोग्याला चांगले. दोष एवढाच की पहिल्या पावसाळ्यात ते उतरे, आणि भिंतीला टेकणाऱ्या पाहुण्याच्या पाठीवर तर त्याच्याही आधी उतरे!

तेलरंग ही निराळी चीज. त्यात मुख्य वस्तू तीन. एक रंगाची पूड, दुसरे ती पूड धरून ठेवणारे तेल किंवा राळ, आणि तिसरा ते मिश्रण पातळ करणारा टर्पेंटाइनसारखा द्रव. टर्पेंटाइन हवेत उडून जातो. तेल मात्र उडून जात नाही. जवसाचे, म्हणजेच अळशीचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू त्याची चिवट कातडी बनते. आपण रंग 'वाळला' म्हणतो खरे, पण वाळता वाळता त्या तेलाचे वजन उलट थोडे वाढलेलेच असते. हे काम लवकर व्हावे म्हणून शिसे, कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार त्यात किंचित घालीत.

आणि पूड तेलात टाकून नुसती ढवळली म्हणजे रंग झाला असे नाही. ती घोटावी लागते. पाट्यावर मसाला वाटताना बाई जशी बोटांनी चाचपून पाहते, तसाच घोटाईचा बारीकपणा कारागीर पाहतो. पुडीचा कण नि कण तेलाने भिजला पाहिजे. घोटाई अपुरी पडली तर गुठळ्या राहतात, रंग डब्याच्या तळाशी बसतो आणि दारावर फरांटे उठतात. चांगला रंग आणि वाईट रंग यांतला फरक पुष्कळसा ह्या घोटाईत असतो, आणि डबा बंद असताना तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणजे रंगाचा धंदा हा मुळातच विश्वासाचा धंदा. गिऱ्हाईक डबा विकत घेते तेव्हा खरे म्हणजे करणाऱ्याचा शब्दच विकत घेत असते.

म्हणूनच की काय, हा धंदा जगभर घराण्यांच्या नावावर चालत आला. फ्रँकफुर्टकडून लंडनला गेलेल्या लुई बर्जर नावाच्या रंगाऱ्याने १७६० मध्ये 'प्रशियन ब्लू' हा गर्द निळा रंग करायला सुरुवात केली आणि पुढे त्याचे नाव त्याच्या वंशजांनी चालवले. हिंदुस्थानात तेलरंगाचे कारखाने आले ते विसाव्या शतकात. हावड्याला १९०२ मध्ये शालिमारचा कारखाना निघाला. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स निघाली; तीच पुढे गुडलास नेरोलॅक झाली. कलकत्त्यास १९२३ मध्ये हॅडफील्ड्स आली. तिची पुढे बर्जर झाली. रेल्वे, बोटी, पूल, गिरण्या, सरकारी इमारती ही ह्या मंडळींची मोठी गिऱ्हाइके. त्याखेरीज विलायतेहून तयार डबे येत ते वेगळेच. गंमत अशी की जवस पिकवणारा शेतकरी आमच्या विदर्भातला, आणि त्याच्या दाराला लावायचा रंग मात्र साहेबाच्या नावाचा.

मग १९३९ साली महायुद्ध सुरू झाले. बोटींवर दारूगोळा चढू लागला, तेथे रंगाच्या डब्यांना कोण विचारतो? आयातीवर बंधने आली. बाजारात परदेशी कंपन्यांचा हात आखडला आणि माल मिळेनासा झाला. ज्याच्याजवळ थोडे धाडस असेल त्याला ही संधीच होती.

ती संधी चार मित्रांनी साधली. चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील ही त्यांची नावे. दोघांचे आडनाव एकच असले तरी घराणी वेगळी. १९४२ च्या फेब्रुवारीत, गिरगावातील गायवाडीत, एका मोटारीच्या गॅरेजमध्ये त्यांनी कामाला आरंभ केला. गिरगावच्या वाड्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सांगायला नको. दोन चाळींच्या मधली बोळकांडी, वर वाळत घातलेली धोतरे, आणि तेवढ्यात कोठेतरी कोणाचा तरी कारखाना! नाव काय ठेवायचे यावर फार डोके खाजवले नाही. टेलिफोनचे पुस्तक उघडून त्यातून नाव काढले असे कंपनीच्या इतिहासात सांगतात. 'एशियन ऑइल अँड पेंट कंपनी' असे ते नाव निघाले. अवघ्या सहा महिन्यांनी, ऑगस्टात, गायवाडीपासून फार लांब नसलेल्या गोवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. एकीकडे साहेबाला 'जा' म्हणून सांगणे चालले होते. दुसरीकडे, तो गेल्यावर दाराला लावायला आपला रंग हवा, याची तयारी एका गॅरेजमध्ये चालली होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते. त्या चौघांच्या मनात तेव्हा बहुधा एवढेच असेल की आजचा माल आज खपावा.

आणि खपण्याचीच तर अडचण होती! रंग कसाबसा करता येत होता, पण विकायचा कोणाला? मोठ्या शहरांतले घाऊक व्यापारी परदेशी कंपन्यांशी बांधलेले. गॅरेजमध्ये रंग करणाऱ्या चार पोरांचा माल आपल्या वखारीत ठेवून त्यांनी आपली पत का घालवावी? त्यांचेही तसे चुकले असे म्हणवत नाही. दार बंद दिसले म्हणजे माणसे दोनच गोष्टी करतात. दारावर धडका मारीत बसतात, नाहीतर दुसरी वाट धरतात. ह्या मंडळींनी दुसरी वाट धरली. घाऊक व्यापाऱ्याला बाजूला ठेवून ते सरळ लहान दुकानदाराकडे गेले. आणि तेही मुंबई-कलकत्त्याच्या दुकानदाराकडे नव्हे, तर लहान शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या.

तालुक्याच्या गावचे ते दुकान डोळ्यांपुढे आणा. खिळे, बिजागऱ्या, घमेली, दोर, कंदिलाच्या काचा. मोठ्या कंपनीचा माणूस ह्या दुकानाची पायरी चढायचा नाही, कारण येथे गॅलनाचा डबा वर्षातून दोनदा खपायचा. साडेचार लिटरचा तो डबा एकदा उघडला की त्यावर साय धरते. उरलेला माल वाया जातो. दुकानदाराने डबा फोडून सुटा विकावा, तर भेसळीचा संशय. अशा दुकानात रंग खपवायचा तर काय करावे?

उत्तर खेड्यातच होते. आपल्या महाराष्ट्रात श्रावणी अमावास्येला पोळा येतो; काही भागांत त्याच्या आधी बेंदूर. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, सणाच्या दिवशी बैलांना न्हाऊ घालतात, अंगावर झूल चढवतात, शिंगांना बेगड लावतात आणि त्याआधी शिंगे रंगवतात. पूर्वी हिंगूळ किंवा गेरू लावीत. तेलरंग आला तसा शेतकऱ्याला तो आवडला. चकाकतो, पावसात धुऊन जात नाही, आणि शेजाऱ्याच्या बैलापेक्षा आपला बैल उठून दिसतो! पण ज्याच्या दारी एकच बैलजोडी, त्याला रंगवायची शिंगे किती? चार. चार शिंगांसाठी गॅलनाचा डबा कोण घेणार? आपल्या चार मित्रांच्या कंपनीने हे पाहिले आणि लहानात लहान डब्यांत रंग भरून खेडोपाडी पाठवला. सणाच्या बाजारातून शेतकरी गूळ-खोबऱ्याबरोबर रंगाची डबी घरी नेऊ लागला.

हे सांगायला सोपे आहे, पण करायला फार जड. कोणत्याही कारखानदाराला विचारा. एक मोठा डबा भरायला जेवढी मेहनत, जवळजवळ तेवढीच एक डबी भरायला. पत्रा जास्त लागतो, चिठ्ठ्या जास्त, पेट्या जास्त, हिशेबाच्या ओळी जास्त. फायदा थोडा. शिवाय शंभर ठिकाणी लहान लहान उधाऱ्या आणि त्या वसूल करायला फिरणारी माणसे. तरी त्यांनी ते केले, कारण ज्या गिऱ्हाइकाला कोणी विचारीत नव्हते तेच त्यांना मिळण्यासारखे होते. १९४५ पर्यंत त्यांची वर्षाची विक्री साडेतीन लाख रुपयांवर गेली. त्या काळी तीन वर्षांच्या गॅरेजवाल्या कंपनीला ही रक्कम लहान नव्हती. आणि मोठी गोष्ट अशी की शेतकऱ्याने शिंगाला लावलेला रंग टिकला, म्हणून पुढच्या वर्षी त्याने घराच्या दारालाही तोच मागितला. बैलाच्या शिंगावरून रंग दारावर आला आणि दारावरून भिंतीवर चढला.

भिंतीसाठी त्यांनी धुता येईल असा डिस्टेंपर काढला. त्याचे नाव 'ट्रॅक्टर'. नाव पाहा! घरच्या भिंतीच्या रंगाला शेतातल्या यंत्राचे नाव. बाजार कोणाचा होता ते ह्या एका नावावरून कळावे. 'टेंपर' आणि 'डिस्टेंपर' यांवर इंग्रजीत कोटी करून 'चिडू नका, ट्रॅक्टर वापरा' अशा अर्थाची जाहिरातही त्यांनी केली.

१९५४ साली कंपनीला आणखी एक माणूस मिळाला. माणूस कसला, पोरगाच. कपाळावर केसांची झुलपी, हातात रंग ठिबकणारा ब्रश, चेहऱ्यावर खोडी काढून पसार होण्याचा भाव. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तो काढला. त्याचे नाव ठेवण्यासाठी लोकांची स्पर्धा लावली, ५०० रुपयांचे बक्षीस ठेवले, आणि मुंबईच्या दोघांनी सुचवलेले एकच नाव पसंत पडले. ते नाव 'गट्टू'. हा गट्टू पुढे जवळजवळ पन्नास वर्षे दुकानांच्या पाट्यांवर उभा होता. ज्या गिऱ्हाइकाला अक्षरओळख नव्हती, ते 'त्या पोराचा रंग द्या' म्हणून मागू शकत होते. २००२ च्या सुमारास कंपनीने गट्टूला निरोप दिला. शहरातल्या नव्या गिऱ्हाइकाला तो जुनाट वाटेल असे चालकांना वाटले असावे. तुमच्यापैकी पुष्कळांना तो अजून आठवत असेल.

पन्नासच्या दशकात कारखाना भांडुपला गेला आणि काम खऱ्या अर्थाने यंत्रावर आले. कच्च्या तेलाच्या जागी रसायनशास्त्राने शोधलेल्या कृत्रिम राळी आल्या. त्यांचा रंग लवकर वाळतो, जास्त चकाकतो. सफेद्याच्या, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या पुडीच्या जागी टिटॅनियमची पूड आली. त्याच दशकात कुटुंबाबाहेरचे शिकलेले लोक मोठ्या जागांवर घेण्यास सुरुवात झाली. पुढे तर व्यवस्थापन-संस्थांतून बाहेर पडणारी तरुण मंडळी ही कंपनी आवर्जून घेऊ लागली. घरच्या धंद्यात बाहेरच्या माणसाला केवळ नोकर न मानता निर्णय करू देणे, हे मालकाच्या मनाला किती जड जाते ते धंदेवाल्या घरातल्यांनाच विचारावे. बामर लॉरी ही ब्रिटिशांची मोठी पेढी. तिनेसुद्धा ह्या काळात विलायती कंपनीचा रंग नाकारून ह्यांचा घेतला. आणि १९६७ साली, म्हणजे गायवाडीतल्या गॅरेजनंतर २५ वर्षांनी, ही कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर आली. ज्या घाऊक व्यापाऱ्यांनी एके काळी दार लावून घेतले होते, त्यांच्या नाकावर टिच्चून, असे कोणी म्हणेल. पण खरे पाहता तिने त्यांचे दार नंतर ठोठावलेच नाही. तिला त्याची गरजच उरली नाही.

मधला मध्यस्थ काढून टाकला म्हणजे त्याचे काम कोणाला तरी करावे लागते, हे विसरू नका. समजा शंभर छटा आहेत. प्रत्येक छटा चकाकीची आणि बिनचकाकीची अशी दोन प्रकारांत. प्रत्येक प्रकार सहा मापांच्या डब्यांत. झाल्या बाराशे वस्तू! आता त्या हजारो दुकानांत पोचवायच्या. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींचे काम बंद. गणपती ते दिवाळी मात्र एकच झुंबड. कोठे कोणती छटा किती लागेल याचा अंदाज चुकला तर एका गावी डबे गंजतात आणि दुसऱ्या गावी गिऱ्हाईक हात हलवीत परत जाते. हा अंदाज बांधण्यासाठी, ज्या काळी आपल्याकडे संगणक म्हणजे काय हे थोड्यांनाच ठाऊक होते, त्या सत्तरच्या दशकात ह्या कंपनीने संगणक घेतला. कोणी त्याला चैन म्हटले असेल. पण लहान दुकानदाराला थोडा थोडा माल वरचेवर मिळू लागला, त्याला मोठा साठा करून भांडवल अडकवण्याची गरज राहिली नाही, आणि तो दुकानदार कंपनीला धरून राहिला.

आता घराण्यांकडे वळू. तेथेच ह्या गोष्टीतला खरा पेच आहे.

कंपनी १९७३ मध्ये सार्वजनिक मर्यादित झाली आणि १९८२ मध्ये तिचे भाग लोकांना विकत घेता येऊ लागले. तरी सूत्रे चार घराण्यांच्या हातीच होती. चार मित्रांच्या मागून मुले आली. चार मित्रांना गायवाडीची ऊब होती. एकाच गॅरेजमधला रंग त्यांच्या कपड्यांवर उडाला होता. मुलांना ती ऊब वारशाने कशी मिळणार? त्यांना वारशाने मिळतात ते भाग, जागा आणि अधिकार. आपल्याकडे भाऊबंदकी हा शब्द उगीच पडलेला नाही. येथे तर भाऊबंद नव्हते. बापाच्या मित्राची मुले होती.

पंचावन्न वर्षे हे चौघांचे घर एकत्र राहिले. १९९७ साली ते तुटले. त्याच साली चंपकलाल चोक्सी वारले. त्यांच्या मुलाने कंपनीचे व्यवस्थापकीय संचालकपद सोडले आणि त्या घराण्याचा सुमारे नऊ टक्के भाग विकायला निघाला. तो घेऊ पाहणारी होती इंग्लंडची आय.सी.आय., रंगाच्या धंद्यातली जगातली एक बलाढ्य कंपनी. म्हणजे १९४२ साली ज्यांच्या सावलीतून बाहेर पडून हे रोप वाढले, त्यांचाच हात आता थेट त्याच्या मुळाशी आला. संचालक मंडळाने ते भाग आय.सी.आय.च्या नावे चढवण्यास नकार दिला. बरीच ओढाताण झाली. अखेरीस ते भाग उरलेली तीन घराणी आणि युनिट ट्रस्ट यांच्याकडे गेले. कंपनी हातची गेली नाही. पण चारांची तीन घराणी झाली ती झालीच.

यात बरोबर कोण आणि चूक कोण, याचा निवाडा मी करणार नाही. ज्याला बाहेर पडायचे आहे त्याने आपला भाग जास्तीत जास्त किमतीला विकावा, हा त्याचा हक्क. उरलेल्यांनी घराचे दार कोणासाठी उघडायचे ते ठरवावे, हाही त्यांचा हक्क. दोन्ही हक्क खरे आणि दोन्ही एकमेकांच्या आड येणारे. सुखाच्या दिवसांत भागीदार आत येण्याच्या अटी लिहून ठेवतात. बाहेर जाण्याच्या अटी लिहायला मात्र त्यांना संकोच वाटतो. लग्नाच्या मांडवात फारकतीची गोष्ट काढू नये, तसे ते अशुभ वाटते. पण धंदा हे लग्न नव्हे. तुमच्या घरी भागीदारीचा व्यवसाय असेल, मग ते पिठाची गिरणी असो की छापखाना, तर ही एक गोष्ट चौघांच्या सह्यांनी आजच कागदावर घाला.

पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. जी आय.सी.आय. हा भाग घ्यायला आली होती, तिलाच २००८ मध्ये हॉलंडच्या आक्झो नोबेलने विकत घेतले. शंभर पावसाळे पाहिल्यासारखी ती कंपनी दुसरीच्या पोटात गेली आणि गायवाडीची कंपनी राहिली. बर्जरची हिंदुस्थानातली कंपनी १९९१ मध्ये अमृतसरच्या धिंग्रा बंधूंनी घेतली. त्यांच्या घराण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे रंगाचे दुकान होते. म्हणजे लंडनच्या रंगाऱ्याचे नाव आज पंजाबच्या दुकानदाराच्या वंशात नांदते आहे. तीन घराण्यांचा एशियन पेंट्समधला वाटा आजही निम्म्याहून थोडा अधिक आहे. भांडुपला रंगाचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आपल्या सातारा जिल्ह्यात खंडाळ्याला मात्र त्याआधी वर्षभर, २०१३ मध्ये, नवा कारखाना सुरू झाला. २०२४ पासून बिर्लांसारखे मोठे भांडवलदार रंगाच्या बाजारात उतरले आहेत. घाऊक व्यापाऱ्याने दार लावले तेव्हा वाट काढणे सोपे होते, असे म्हणण्याची पाळी कदाचित ह्या घराण्यांवर आता येईल.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. रंग चकाकावा, लवकर वाळावा, पिवळा-तांबडा ठसठशीत दिसावा म्हणून जगभरचे कारखानदार कित्येक वर्षे त्यात शिसे वापरीत आले. शिसे हे विष आहे. पापुद्रे सुटून त्याची धूळ होते, ती रांगत्या मुलाच्या हाताला लागते, हात तोंडात जातो, आणि मुलाच्या मेंदूला इजा होते. हे डॉक्टरांना पुष्कळ आधी कळले होते, बाजाराला उशिरा. आपल्या सरकारने २०१६ मध्ये नियम केला आणि वर्षभराने तो लागू झाला. त्याप्रमाणे घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे नव्वद भागच चालतात. तेव्हा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय छापले आहे ते वाचा. जुन्या घराचा रंग काढायचा असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. पाणी मारून, ओल्या पॉलिश-कागदाने घासायला सांगा, मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा, आणि रंगाऱ्याच्या नाकातोंडावर फडके आहे की नाही ते पाहा. तुम्ही दोन दिवस सोसता ती धूळ तो जन्मभर सोसतो.

आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना तेलरंग लावू नये, गेरूसारखे साधे रंग लावावेत, असे आता पशुवैद्य सांगतात. ज्या चार शिंगांवर ह्या कंपनीचा पाया उभा राहिला, त्यांवरूनच रंग उतरवायची वेळ आली आहे! त्यात वाईट वाटण्याचे कारण नाही. त्या डबीने आपले काम केले. शिंगाच्या रंगातही ज्याचा विचार कोणी करीत नाही असे गिऱ्हाईक असते, हे तिने व्यापाऱ्यांना शिकवले. आता त्या मुक्या जनावराचा विचार आपण करावा, एवढेच उरले.

येत्या दिवाळीला छटांचे पान घरी येईल तेव्हा बदामी की पिवळा हा वाद तुम्ही खुशाल घाला. पण डबा उघडला की काठीने तळापासून नीट ढवळा. तळाशी गाळ घट्ट बसलेला नसेल, रंग साईसारखा एकजीव वर येत असेल, तर समजा की घोटणाऱ्याने आपला शब्द पाळला आहे.